गेशसाठी मराठी शब्द

टूवूंबा,
११ फेब्रुवारी २०२४

ती. विनीता मावशींना,
साष्टांग नमस्कार.

‘गेश’ या आयरिश शब्दाला मराठीत काय म्हणायचं? मला सांगता येत नाही. तुम्हालाही सांगता आलं नव्हतं असं दिसतं, कारण तुमच्या पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने आधी ‘शपथ’ लिहून खोडलंय, मग ‘आण’ लिहून खोडलंय आणि शेवटी नुसतं प्रश्नचिन्ह ठेवलंय.

मी तेजश्री. शालनची, म्हणजे तुमच्या आक्काची मुलगी. तुम्ही इचलकरंजी सोडलीत तेव्हा मी चार वर्षांची होते. आता इथल्या युनिव्हर्सिटीत मातीवर मास्टर्स करते आहे आणि मयूराकाकू-राजीवकाकांच्या घरी एक खोली घेऊन राहते. त्यांच्या गराजमध्ये एक खोकं होतं. त्यावर ‘विनीता चौगुले’ लिहिलेलं पाहून मी काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, “अगं, ती हॉस्पिटलात नर्स होती इथे. डार्विनला बदलून गेली तेव्हा म्हणाली, ठेव, नंतर नेते. दहा वर्षं झाली.” टूवूंबात मराठी माणसं मोजकी आहेत, त्यामुळे हा योगायोग तसा फार मोठा नाही. पत्ता त्यांनीच दिला.

खोक्यात अकरा जाड कादंबऱ्या आहेत, सगळ्या केल्टिक, म्हणजे प्राचीन आयरिश लोकांच्या, जुन्या कथांवरून लिहिलेल्या. मुखपृष्ठांवर एकमेकांत गुंतलेल्या दोऱ्यांची नक्षी आहे. त्यातली ‘गेश’ असलेली कादंबरी मी मराठीत करते आहे. छापायची नाही. दर शनिवारी काकूंकडे चार-पाच मराठी मुलं येतात, त्यांना वाचून दाखवते. दूरच्या लोकांच्या गोष्टी आपल्या भाषेत आल्या की आपली भाषा थोडी मोठी होते, असं मला वाटतं. मैत्रिणी हसतात. हसू देत.

आता एक गोष्ट आधीच सांगायला हवी. मी इकडे निघाले तेव्हा विमानतळावर आई सामानाची ट्रॉली धरून उभी राहिली आणि म्हणाली, “तिकडं ती बाई हाय. तिच्याशी बोलायचं न्हाई. बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील.” म्हणून मी फोन करत नाही. लिहायचं नाही, असं ती म्हणाली नव्हती.

उत्तर दिलंत तर आनंद होईल.

आपली,
तेजश्री


डार्विन,
२२ फेब्रुवारी

चि. तेजूस, अनेक आशीर्वाद.

मावशीला ‘तुम्ही’ म्हणायला कोणी शिकवलं? पदवीबरोबर मिळालं असेल तर परत कर.

पत्र पोचलं. इथे पावसाळा आहे, पाकिटाचा डिंक आपोआप सुटला होता. पोस्टमनने वाचलं असेल तरी हरकत नाही, त्याला मराठी येत नाही.

बोलायचं नाही पण लिहिलं तर चालतं, ही पळवाट तू त्याच पुस्तकांतून शिकलीस ना? त्यांच्यात असंच असतं. घोड्यावर बसून यायचं नाही आणि पायी यायचं नाही, म्हटलं की माणूस बोकडावर बसून येतो.

ती पुस्तकं मी हॉस्पिटलच्या मदतनिधीच्या टेबलावरून घेतली होती. पहिलं घेतलं ते कव्हर बघून. मग राहवेना. त्या गोष्टींत कोणी कोणाची समजूत काढत नाही. राणी रागावली की रागावलेलीच राहते. टेकडी वर्षातून एका संध्याकाळी उघडते, आत गेलेला माणूस तीनशे वर्षांनी बाहेर येतो, आणि घरचे गेले म्हणून तो फार रडतही नाही. ड्यूटी संपवून आल्यावर मला तेवढंच झेपायचं.

आता तुझा शब्द. ‘शपथ’ मी का खोडलं ते सांगते. त्यांच्याकडे राजाला गेश घातली आणि त्याने ती मोडली, तर राजा मरतो. आपल्याकडे शपथ मोडली की जी घालते ती मरते. मोडणारा राहतो मागे, जेवतो, नोकरी करतो. या दोन्हींना एकच शब्द कसा चालेल? ‘आण’ का खोडलं ते आठवत नाही. बहुधा तेच कारण असेल.

तू दुसरा शब्द शोध. तू आपल्या घरातली पहिली पदवीधर. माझा नर्सिंगचा डिप्लोमा होता, तो आपल्याकडे कोणी शिक्षणात धरला नाही.

आक्का बरी आहे ना? एवढंच विचारते.

मावशी


टूवूंबा,
६ मार्च

ती. मावशीस,
सा. न.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मोडणारा आणि घालणारी यांतला फरक मला दिसलाच नव्हता. मी सध्या शब्द तसाच ठेवला आहे, ‘गेश’. मुलं त्यावर ‘गॅस’ म्हणून हसून घेतात.

मागच्या शनिवारी आम्ही राजाच्या दोन गेशपर्यंत आलो. तुला आठवत असतील. कोणी पाणी मागितलं तर नाही म्हणायचं नाही, ही एक. सूर्य मावळल्यावर विहिरीचं झाकण उघडायचं नाही, ही दुसरी. आणि मग सूर्य मावळल्यावर दारात म्हातारी येते आणि पाणी मागते. मी इथे थांबले. काकूंची ईशानी, दहा वर्षांची, एकदम म्हणाली, “बट व्हाय डिडन्ट ही आस्क देम टू टेक इट बॅक?”

काकू म्हणाल्या, “आमच्या लहानपणी तसं होतं. कोणी शपथ घातली की मागे लागायचं, सुटली म्हण, सुटली म्हण. तिने ‘सुटली’ म्हटलं की संपलं.”

ईशानी म्हणाली, “सो आयरिश लोकांकडे अन्डू नाहीये?”

मग मी तुझ्या अकराही पुस्तकांत शोधलं. खरंच नाहीये.

आई तशी बरी आहे. थकते. माझा धाकटा भाऊ विनय मागावर जातो, आई अजून घरी सुताच्या कांड्या भरते. जिना चढताना मधल्या पायरीवर बसते आणि म्हणते, वय झालं. अठ्ठेचाळीस काही वय नाही, असं मी म्हणते. संध्याकाळी पाय सुजतात, दिवसभर बसून काम असतं ना. हल्ली तीन उशा घेऊन झोपते, सपाट पडलं की गुदमरतं म्हणते. गल्लीतल्या डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या आहेत. मी तिला सांगितलं, काम कमी कर. ऐकत नाही.

एक विचारू का? आज्जीबद्दल आईने मला आयुष्यात एकच वाक्य सांगितलंय. “तुझ्या मावशीनं आईची शपथ मोडली अन् आठ महिन्यांत आई गेली.” त्याच्यापुढे ती बोलत नाही. खरं काय घडलं?

तुझी,
तेजू


डार्विन,
१२ मार्च

तेजू,

एक्स्प्रेसने पाठवते आहे. आज्जीचं नंतर.

तीन उशा कधीपासून? आधी एक होती, मग दोन झाल्या का? पाय दोन्ही सुजतात? बोटाने दाबलं तर खड्डा राहतो का? आडवं पडल्यावर खोकला येतो का, आणि उठून बसल्यावर थांबतो का? लहानपणी ती सांधे सुजून अंथरुणाला खिळली होती, ते तुझ्या डॉक्टरांना कोणी सांगितलंय का?

मी सोळा वर्षं हृदयाच्या वॉर्डात आहे. पत्रातून हे होत नाही. मी एक विचारणार, तू सांगणार, त्यावरून मी दुसरं विचारणार, असं असतं ते. मला फोन कर. नंबर खाली लिहिला आहे.

रविवारपर्यंत केला नाहीस तर मी मयूराला करते.

मावशी


टूवूंबा,
२० मार्च

ती. मावशीस,
सा. न.

रागावली असशील. काकूंनी रविवारी फोन स्पीकरवर ठेवला, तेव्हा मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला गेले. काकू खिडकीतून ओरडल्या, “अगं, बोलू नकोस, निदान ऐक तरी!” ऐकणं म्हणजे बोलणं की नाही हे मला ठरवता येईना, म्हणून चिमटे लावत राहिले. सगळे कपडे संपल्यावर राजीवकाकांच्या रुमालांना दोन दोन लावले.

पण काम झालं आहे. तू सांगितलंस ते काकूंनी मला सांगितलं, मी लगेच विनयला सांगितलं, आणि त्याने दुसऱ्याच दिवशी आईला नेऊन ईसीजी काढला. डॉक्टर म्हणाले, फारसं काही नाही, वयाच्या मानाने ठीक आहे. गोळ्या चालू ठेवायला सांगितल्या. म्हणजे शपथही राहिली आणि तपासणीही झाली. मला फार हलकं वाटतंय.

मी आईला फोनवर एकदा म्हटलं, “आई, ती शपथ सुटली म्हण ना.”
ती म्हणाली, “कशाला? बोलायचंय व्हय तिच्याशी?”
मी म्हटलं, “नाही.”
“मग ऱ्हाऊ दे की हाय तशी.”

मावशी, तुला खरं सांगते. मी बीएस्सी केलं, आता मास्टर्स करते. शपथेने कोणी मरत नाही हे मला माहीत आहे. हॉस्टेलवर मी मुलींना यावर भाषण देत असे. पण ती विमानतळावर जे म्हणाली ते मी मनात जसंच्या तसं ऐकते, आणि मग नंबर दाबता येत नाही.

गोष्ट आता राजाच्या शेवटापाशी आली आहे.

तुझी,
तेजू


डार्विन,
२ एप्रिल

चि. तेजूस,

मी ईसीजी म्हटलंच नव्हतं. मी एको म्हटलं होतं, टू-डी एको. मयूराची चूक नाही. इंग्रजी ‘ई’ने सुरू होणारं काहीतरी हृदयाचं, एवढं तिच्या लक्षात राहिलं आणि घरोघरी माहीत असलेलं तिने सांगितलं. ईसीजीत ठोके दिसतात. झडप अरुंद झालेली असली तर ती एकोत दिसते. तुम्ही दोन आठवडे हलके झालात, ते या चुकीवर.

विनयला सांग. शब्द मी मोठ्या अक्षरात वेगळ्या कागदावर लिहून आत ठेवला आहे.

आता आज्जी. तू विचारलंस म्हणून.

मी निघाले तेव्हा आई उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, “गेलीस तर माझं मेलेलं तोंडसुद्धा बघायला मिळायचं न्हाई तुला.” मी तिला ओलांडून गेले. इथून फोन करायचे. एकदा म्हटलं, आई, सुटली म्हण. ती म्हणाली, आधी परत ये, मग म्हणते. आक्का शेजारीच बसलेली असायची, ऐकू यायची. आठ महिन्यांनी आई गेली. आक्काच्या मते मी मारली.

शपथ मोडल्याचं मला आजपर्यंत काही वाटलेलं नाही. हे कोणालाच खरं वाटणार नाही. दुसरंच एक आहे. मी निघाले त्या महिन्यात आई तीन उशा घेऊन झोपत होती. मिरजेला नर्सिंगला हे शिकवलं होतं, परीक्षेत दोन मार्कांना आलंही होतं. मी उशा पाहिल्या आणि मला कळलं. बोलले असते तर जाणं रद्द झालं असतं. मी गप्प बसले आणि बॅग भरली. हे आक्काला माहीत नाही. तुझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही.

राजाचा शेवट तू वाचून दाखवला असशील. म्हातारीला पाणी दिलं तरी मरणार, नाही दिलं तरी मरणार. लेखिकेने त्याला मारलं, कारण तिला पुस्तक संपवायचं होतं. तुला काही संपवायचं नाहीये.

मी तुला ‘बोल’ म्हणून सांगत नाही. आपल्या घरात आग्रह केला की त्याची शपथ व्हायला वेळ लागत नाही. सकाळी साडेसातला मी ड्यूटीवर निघण्याआधी घरी असते, आणि सोमवारी दिवसभर.

मावशी


टूवूंबा,
१८ एप्रिल

ती. आईस,
सा. न.

हे पत्र मी हाताने लिहून त्याचा फोटो विनयला पाठवते आहे. त्याने तुला वाचून दाखवायचं आहे, मधलं काहीही न गाळता. फोनवर सांगितलं असतं, पण नको ते ऐकू आलं की तू फोन ठेवतेस.

मावशीचं पत्र शुक्रवारी, पाच तारखेला आलं. त्यात टू-डी एको करा असं लिहिलं होतं. होय, मी तिला फेब्रुवारीपासून पत्रं लिहिते आहे. मी विनयला सांगितलं, विनयने तुला सांगितलं, तू म्हणालीस आत्ताच तर मशीन लावून बघितलं. मग शनिवारी मी फोन केला. तू म्हणालीस, “तू मातीची डॉक्टर, माणसाचं तुला काय कळतंय?” ते बरोबरच होतं. तू मला विचारलंस, झडप म्हणजे काय, कशानं बिघडती, आणि मला धड एकही उत्तर देता आलं नाही. विनयलाही नाही. ज्या माणसाला देता आलं असतं ते इथल्याच देशात डार्विनमध्ये बसलं होतं, आणि आम्ही त्याचं बोलणं काकूंच्या तोंडून, तेही चुकीचं, ऐकत होतो.

रविवारी मी काहीच केलं नाही. मुलांसाठी उरलेली गोष्ट मराठीत केली नाही, लॅबच्या वह्या उघडल्या नाहीत. तू विमानतळावर उभी होतीस ते आठवत राहिले. ट्रॉली धरून उभी होतीस, ती काही फक्त मला अडवायला नव्हे, हे मला त्या दिवशी कळलं. तुला आधार लागत होता. तेव्हाही तुला दम लागला होता आणि आपण सगळे त्याला रडणं समजलो.

सोमवारी, पाडव्याच्या आदल्या दिवशी, मी लॅबच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून मावशीला फोन लावला. तिने दोनदा हॅलो म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणाली, “तेजू असशील तर नुसतं बस. मी बोलते.” मी म्हटलं, “नाही, मीच बोलते.” मग आम्ही विनयलाही जोडून घेतलं.

तुझ्या शेजारी बसून, फोन स्वतःच्या कानाला लावून, विनय ज्यांना ‘मॅडम’ म्हणत होता, ती मावशी होती. पाय दाबून खड्डा राहतो का हे जिने विचारलं ती. लहानपणी सांधे सुजले होते का, असं विचारल्यावर तू विनयला म्हणालीस, “अगं बाई, यांना कसं कळलं? आठवीत होते मी. शाळा सुटली ती तेव्हापासनं.” मावशीला ते कळलं कारण त्या वर्षी तुझी वेणी ती घालत होती. आणि नंतर तू विनयला म्हणालीस, “बाई चांगली हाय. नीट सांगती.” तेही आम्ही ऐकलं. तू विचारलंस तेव्हा विनयने युनिव्हर्सिटीतल्या डॉक्टर म्हणून सांगितलं. ते खोटं होतं. तुला कोल्हापूरला नेण्यासाठी त्याने ते सांगितलं आणि मी त्याला दुरुस्त केलं नाही.

बारा तारखेला एको झाला. लहानपणच्या त्या सांध्यांच्या दुखण्याने झडप अरुंद झाली आहे, हे तुला डॉक्टरांनी सांगितलंच आहे. तेवीस तारखेला मांडीतून नळी घालून फुग्याने ती रुंद करतील. छाती उघडायची नाही. रिपोर्ट मावशीने पाहिला आहे. ती म्हणते, वेळेत सापडलं. असं ती सहसा म्हणत नाही.

विनय म्हणतो, हे सगळं तेवीसनंतर सांग. आत्ता सांगितलंस तर आई जायचीच नाही. मावशीही म्हणाली, थांब, आक्का शुद्धीवर येऊ दे, मग मीच तिच्या शिव्या खाईन. मला ते पटलं नाही. एक तर, तू ज्या बोलण्यावर भरवसा ठेवून टेबलावर जाणार आहेस ते कोणाचं आहे हे तुला माहीत हवं. ते कळल्यावर जायचं नाही असं ठरवलंस, तर मी पुन्हा भांडेन, पण खोटं सांगून नेणार नाही. आणि दुसरं असं की, शपथ मी मोडली त्याला आज दहा दिवस झाले. या दहा दिवसांत तू पाडव्याला श्रीखंड केलंस, विनयला पगारावरून बोललीस, काल जिन्यावर बसून शेजारणीशी तासभर गप्पा मारल्यास. तुला जे झालंय ते झडपेमुळे झालंय. तेवीसला काही वाईट झालं, तर तेही झडपेमुळे होईल. ते तुझ्या बहिणीच्या नावावर टाकायला मी कोणाला देणार नाही. माझ्या नावावरही नाही.

आज्जीच्या आजाराबद्दल मावशीला तुला काही सांगायचं आहे. ते मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही. ते तिचं आहे. तुला ऐकायचं असेल तर विनयकडे तिचा नंबर आहे. नसेल ऐकायचं, तर तेही तुझं तू ठरव. मी तुझ्यावर काही घालत नाही.

तू माझ्यावर रागावशील. मला माहीत आहे. माझ्याशी बोलणं बंद केलंस तरी मी दर रविवारी फोन करेन, आणि विनय तो तुझ्या कानाला लावेल, असं आमचं ठरलंय.

मावशीशी मी आता रोज सकाळी साडेसातला बोलते. आजही बोलले.

तुझी,
तेजू